आगबोट, दमणी आणि काचेवरचा फोटो: अजिंठ्याच्या वाटेवरचं पहूर

मुंबईच्या बॅलार्ड पिअरला लागलेल्या आगबोटीतून उतरलेला परदेशी पाहुणा आमच्या पहूरला कशासाठी येईल, असा प्रश्न आज कुणालाही पडेल. बंदर इथून चारशे किलोमीटरच्या वर लांब. गावात किल्ला नाही की राजवाडा नाही. पण अजिंठ्याच्या लेण्यांना उत्तरेकडून जाणारी वाट आमच्या दारावरून जाते आणि त्या वाटेने दीडशेहून अधिक वर्षं जगभरची माणसं आली. कुणी बोटीने मुंबईला उतरून रेल्वेने आलं, कुणी घोड्यावर आलं, कुणी बैलांच्या दमणीत बसून आलं. परत जाताना प्रत्येकाला लेण्यांतलं काही ना काही सोबत न्यायचं होतं. त्यांनी काय नेलं आणि कसं नेलं, हा इतिहास मला फार जवळचा वाटतो, कारण माझं सगळं आयुष्य पहूरच्या स्टँडजवळ फोटो स्टुडिओ चालवण्यात गेलं.

पहूरची रचना आधी सांगतो. गाव दोन भागांत आहे, पेठ आणि कसबे, आणि मधून वाघूर वाहते. ही तीच वाघूर, जी अजिंठ्याच्या डोंगरात सातकुंडाच्या धबधब्यातून खाली येते, लेण्यांच्या घोड्याच्या नालेसारख्या कड्याला वळसा घालते आणि आमच्याकडून पुढे तापीला मिळते. गावात दोन रस्ते एकमेकांना छेदतात. एक जळगावहून नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूरला जातो. दुसरा पाचोऱ्याहून शेंदुर्णीवरून येऊन जामनेरला जातो. म्हणून पहूरचा चौक कधी निजला नाही. इंग्रजांच्या काळात आम्ही खानदेशात, म्हणजे इंग्रजी मुलखात होतो, आणि फर्दापूर व लेणी निजामाच्या राज्यात. तिकडे हाली सिक्का चालायचा, इकडे कलदार रुपया. माझे आजोबा दमणी चालवायचे आणि त्यांच्या कमरेच्या कशात दोन्ही नाणी वेगवेगळ्या गाठीत असत.

लेण्यांचा पत्ता बाहेरच्या जगाला लागला तो 1819 मध्ये. शिकारीला आलेला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी दहाव्या लेण्यात शिरला आणि त्याने तिथल्या खांबावर आपलं नाव, पलटण आणि 28 एप्रिल ही तारीख कोरली. ते नाव आजही आहे, मात्र नजरेच्या बरंच वर. त्या काळी लेण्यात माती आणि दगड इतके साचले होते की स्मिथ उभा होता तीच जमीन आजच्यापेक्षा कितीतरी उंच होती. पुढच्या दशकांत आलेल्यांनी याहून वाईट केलं. डॉ. जेम्स बर्ड यांनी भिंतीवरच्या आकृती सोलून नेण्याचा प्रयत्न केल्याची नोंद आहे. गिलावा भुसाचा आणि मातीचा. तो सुरीने सुटून येतो, पण हातात टिकत नाही, त्याची भुकटी होते. म्हणजे चित्र भिंतीवरूनही गेलं आणि नेणाऱ्याला मिळालंही नाही.

यानंतर आले मेजर रॉबर्ट गिल. अजिंठ्याचं नाव घेतलं की आमच्याकडे गिल आणि पारो यांची प्रेमकथा निघतेच. ना. धों. महानोरांनी त्यावर दीर्घ कविता लिहिली, सिनेमाही निघाला. पारोची कबर अजिंठा गावात आहे, तिच्यावर 1856 साल आहे. त्या गोष्टीबद्दल मी वेगळं काही सांगणार नाही. मला त्यातला दुसरा गिल जास्त ओढतो, हातात कॅमेरा घेतलेला.

गिल मद्रास फौजेतले. 1844 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं आणि ते इथेच राहिले. कॅनव्हासवर तैलरंगात, मूळ आकाराच्या जवळपास जाणाऱ्या त्या नकला होत्या. दिव्याच्या आणि परावर्तित उजेडात, वटवाघळांच्या वासात, वर्षानुवर्षं केलेलं काम. चित्रं मुंबई-मद्रासच्या बंदरांतून विलायतेला गेली, लंडनजवळच्या सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली गेली आणि डिसेंबर 1866 च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. वीस-बावीस वर्षांचं आयुष्य एका रात्रीत गेलं. ही बातमी अजिंठ्याला पोचली तेव्हा हा माणूस साठी ओलांडून गेला होता. मला अजूनही त्या क्षणाचा विचार करवत नाही.

पण तोवर गिल यांच्याकडे कॅमेरा आला होता. 1864 मध्ये त्यांचे फोटो असलेली दोन पुस्तकं लंडनमध्ये निघाली. एकात जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह लेण्यांचे 74 फोटो होते. दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातल्या वास्तू आणि शिकारी-जनावरांची शंभर जोडचित्रं. जोडचित्र म्हणजे दोन डोळ्यांतल्या अंतराइतकं सरकवून एकाच दृश्याचे घेतलेले दोन फोटो. ते दुर्बिणीसारख्या भिंगांतून पाहिले की एकच चित्र दिसतं आणि त्याला खोली येते. लेण्यातले खांब एकामागे एक उभे राहतात, ओसरीतला अंधार मागे सरकतो. लंडनच्या दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला बोटीचं भाडं न भरता अजिंठ्याच्या सभामंडपात उभं राहिल्यासारखं वाटावं, ही त्याची करामत. सुट्टीत काढलेले फोटो घरी आणून चार जणांना दाखवण्याची जी हौस आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे, तिचंच हे जुनं रूप.

हे फोटो कसे निघत, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आजच्या मुलांना त्याची कल्पना येत नाही. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं. काच हातावर अशी तिरकी फिरवायची की चारही कोपऱ्यांना सारखा थर बसेल. मग अंधारात ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळण्याआधी पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. हे सगळं काही मिनिटांत. थर वाळला की काच वाया. कलोडियनमध्ये इथर असतं आणि इथर 35 अंशांच्या आतच उकळतं. आमच्या खानदेशात मार्चच्या मध्यालाच दुपारी त्यापेक्षा जास्त ऊन असतं आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. म्हणजे बाटलीचं बूच काढलं की अर्धं द्रावण हवेत. शिवाय धुवायला स्वच्छ पाणी लागणार, आणि लेण्यांपासून वाघूरचं पात्र खाली उतरून. काचा, बाटल्या, काळा तंबू, तिपाई, सगळं माणसांच्या डोक्यावरून वर चढवायचं. चांदीच्या क्षाराने बोटं काळी पडत आणि ते डाग कित्येक दिवस निघत नसत. माझ्या तरुणपणी डार्करूमच्या रसायनांनी माझी बोटं पिवळी-तपकिरी असायची, म्हणून मला हे लगेच समजतं.

आता यातली खरी अडचण. गिल यांच्या फोटोंत लेण्यांची दर्शनी बाजू आहे, खांब आहेत, मूर्ती आहेत, पण ज्या चित्रांसाठी अजिंठा जगात गाजलं ती जवळजवळ नाहीत. अंधार हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण त्या काचेत होतं. त्या काळच्या काचेला फक्त निळा उजेड दिसायचा. तांबडा आणि पिवळा तिच्या लेखी काळाच. आमच्या डार्करूममध्ये कागद धुताना लाल दिवा बिनधास्त लावता येतो तो याच कारणाने, कागदाला लाल दिसतच नाही. आणि अजिंठ्याच्या भिंतींवर काय आहे? गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती आणि कुठेकुठे निळा. पद्मपाणीची उजळ कांती त्या काचेवर काळवंडून जायची आणि मागचा निळा पांढराफटक उठायचा. कॅमेरा होता, कौशल्य होतं, पण लेण्यांचा रंग पकडण्याची नजर अजून यंत्राला आली नव्हती. म्हणून पुढची पन्नास वर्षं ब्रशवाल्यांचीच राहिली.

त्यांची हकिगत थोडक्यात. मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून 1885 पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन इथे येत राहिले, पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. त्यांच्याही नकलांचा काही भाग 1885 मध्ये लंडनमधल्या एका आगीत गेला. उरलेल्यांवरून 1896 मध्ये मोठे ग्रंथ निघाले. याच मंडळींनी रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर व्हार्निश लावलं आणि ते पुढे पिवळं पडून चित्रांवर झापड बसली. चित्र चांगलं उतरावं म्हणून मूळ चित्राला इजा करायची, हे मला सोलून नेण्याइतकंच चुकीचं वाटतं, भले हेतू चांगला असो. मग 1909 ते 1911 मध्ये लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारखे तरुण बंगाली चित्रकार होते. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधीही आले आणि 1932 मध्ये त्यांचं अजिंठ्यावरचं पुस्तक निघालं. आमच्या मराठी माणसांत त्याआधीच डॉ. भाऊ दाजी लाड येऊन शिलालेख उतरवून गेले होते. भाऊ दाजी आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे दोघेही 1854 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीत होते, हे मला कळलं तेव्हा अतिशय आनंद झाला. आमच्या धंद्याची पाळंमुळं इतकी चांगल्या घरात आहेत!

आता बोटींकडे येतो. 1869 मध्ये सुएझचा कालवा उघडला. 1870 मध्ये मुंबई-कलकत्ता रेल्वे जोडली गेली आणि ती भुसावळवरून गेली. या दोन गोष्टींनी खानदेशाला समुद्राच्या वाटेवर आणून बसवलं. थॉमस कुक यांनी 1872-73 मध्ये पहिली जगप्रदक्षिणेची सहल काढली, 222 दिवसांची. कलकत्त्याकडून मुंबईला रेल्वेने यायला तेव्हा एकच मार्ग होता, तो आमच्या भुसावळ-जळगाव-पाचोऱ्यावरून. 1909 मध्ये क्लीव्हलंड नावाचं जहाज न्यूयॉर्कहून साडेसहाशेच्या आसपास हौशी प्रवासी घेऊन निघालं आणि सुएझवरून मुंबईला आलं. 1922-23 मध्ये लाकोनिया या जहाजाने एकाच बोटीत बसून पूर्ण पृथ्वीप्रदक्षिणा घडवली. 1932 मध्ये एम्प्रेस ऑफ ब्रिटनसारखी तरंगती हॉटेलं मुंबईला थांबू लागली. बोट बंदरात काही दिवसच असायची. तेवढ्यात काय पाहायचं? मलबार हिल आणि घारापुरी पहिल्या दिवशी उरकत. बहुतेकांना ताजमहालाची ओढ, त्यांच्यासाठी आग्र्याला खास गाड्या सुटत. जीआयपी रेल्वेने जाणाऱ्यांची गाडी जळगाव-भुसावळवरून रात्री निघून जायची, आणि खिडकीपासून अजिंठा अवघ्या साठ किलोमीटरवर राहून जायचा. उतरायचे ते थोडे, पण जे उतरत ते मनापासून उतरत. रशियन नर्तकी अ‍ॅना पावलोवा हिंदुस्थानच्या दौऱ्यावर 1922 च्या हिवाळ्यात आल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी लंडनमध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर बॅले सादर केला.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे सुरू झाली. ती कापसासाठी टाकली होती, प्रवाशांसाठी नव्हे. आम्ही तिला पीजे म्हणतो. छप्पन्न किलोमीटर, मध्ये वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर. या गाडीने पहूर हे लेण्यांच्या सगळ्यात जवळच्या स्टेशनांपैकी एक झालं. आजोबा सांगत की मोठ्या टोप्या घातलेले साहेब-मडमा पहूरला उतरले की आधी सामान मोजत आणि मग बैलांकडे बघत. दमणीत गवताची गादी, वर ताडपत्रीचा आडोसा. पहाटे निघायचं, वाकोदच्या पुढे सूर्य वर यायचा, फर्दापूरच्या सराईशी बैल सोडायचे. औरंगजेबाच्या काळातली ती सराई अजून उभी आहे. साहेबाच्या गळ्यात घडीचा कोडॅक. आजोबांना त्याचं फार कुतूहल. एका मडमेने त्यांना बैलांसकट उभं करून फोटो घेतला. “मी हाललो नाही, बैल हालला,” असं ते म्हणायचे. तो फोटो कुठल्या देशात, कुणाच्या अल्बममध्ये आहे, देव जाणे. आमच्या घरात आजोबांचा एकही फोटो नाही.

निजाम सरकारने लेण्यांसाठी खूप केलं, हे मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. 1914 मध्ये त्यांचं पुराणवस्तू खातं सुरू झालं, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख. 1920 ते 22 मध्ये इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे जाणकार आणले आणि त्यांनी सुटणारा गिलावा पुन्हा भिंतीला धरवला. मग ई. एल. व्हॅसी यांच्याकडून रंगीत फोटो काढवून घेतले. याझदानींचे चार खंड 1930 ते 1955 या काळात निघाले. गिल यांच्या काचेला जे दिसलं नाही ते आता कागदावर उतरलं. तेही भिंतीला बोट न लावता.

माझा स्टुडिओ सुरू झाला तेव्हा बोटींचे दिवस मावळत आले होते. विमानं आली, सुएझ काही वर्षं बंद राहिला, विलायतेच्या प्रवासी बोटी मुंबईला येईनाशा झाल्या. तरी हिवाळ्यात अधूनमधून एखादी सहलीची बोट मुंबईला लागायची. एकदा पहूरच्या चौकात एक टॅक्सी पंक्चर झाली. आत एक वयस्कर जोडपं. बोट दोन दिवस मुंबईत आहे, रात्रीच्या गाडीने जळगावला उतरलो, आज रात्री परतायचं, असं त्यांनी मोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं. बाईंच्या कॅमेऱ्यात रोल अडकला होता. मी काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून चाचपडत तो सोडवला. फिल्मची दातेरी कड चाकावरून सुटली होती, एवढंच. त्या मला विचारत होत्या, आत फ्लॅश चालतो का? मी म्हटलं, ताई, फ्लॅश बंद ठेवा, खांबापासून हातभर लांब उभ्या राहा, श्वास रोखून धरा आणि रखवालदाराला आरसा धरायला सांगा. तेव्हा अजून दारातून आरशाने आणि पांढऱ्या कापडाने ऊन आत फेकायची पद्धत होती. काही महिन्यांनी पाकीट आलं. चौरीधारी दासी, थोडी हललेली, पण आरशाच्या उन्हात गेरूचा रंग असा उमलला होता की मी तो फोटो काउंटरवरच्या काचेखाली लावला. पुढे किती गिऱ्हाइकांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, हे कुठलं? मी म्हणायचो, अहो, आपल्याच नदीकाठचं.

विजेचे दिवे आले, मग त्यांची उष्णता नको म्हणून मंद दिवे आले. दिव्यासाठी वेगळं तिकीट काढावं लागे, ते दिवसही मी पाहिले. 1983 मध्ये अजिंठा जागतिक वारसा झाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी अगदी कमी उजेडात, लांब वेळ झडप उघडी ठेवून ही चित्रं टिपली. आता लोक विचारतात, काका, चांगला फोटो कसा काढायचा? मी वेळ सांगतो. सव्विसावं लेणं सकाळचं, तिथला महापरिनिर्वाणाचा निजलेला बुद्ध सकाळी पाहा. पहिलं लेणं दुपार कलल्यावर, तेव्हा ओसरीतून उजेड आत चालत येतो. समोरच्या टेकडीवरच्या व्ह्यू पॉइंटवर पावसाळ्यात जा, सातकुंड वाहत असतो, नालेसारखा सगळा कडा एका चौकटीत येतो. आणि आत शिरल्यावर आधी पाच मिनिटं काहीच काढू नका, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. चित्रकारांनी त्या अंधाराशी जुळवूनच रंग लावलेत.

2004 मध्ये डेक्कन ओडिसी ही राजेशाही गाडी सुरू झाली आणि तिच्या पाहुण्यांच्या बसगाड्या आमच्या चौकातून जातात, थांबत मात्र नाहीत. मुंबईच्या इंदिरा गोदीजवळ नवं क्रूझ टर्मिनल झालं आहे, गोव्याकडे बोटी जातात. आमची पीजे 2020 मध्ये बंद पडली. तिच्या जागी मोठ्या रुळांची गाडी यायची आहे. 2024 मध्ये केंद्राने जालना-जळगाव या 174 किलोमीटरच्या नव्या मार्गालाही मंजुरी दिली, त्यातही अजिंठ्याचं नाव आहे.

त्या कामाबरोबर पहूरला एक खोली मिळावी, एवढं माझं मागणं आहे. तिच्या भिंतीवर गिल यांच्या जोडचित्रांच्या प्रती लावाव्यात, शेजारी दोन भिंगांची चौकट ठेवावी आणि शाळेतल्या पोरांना रांगेने त्यातून पाहू द्यावं. मूळ फोटो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत नीट जपलेले आहेत. प्रती मागवता येतात. गिल यांची कबर भुसावळला आहे, इथून दोन तासांवर. 1879 मध्ये अजिंठ्याहून निघालेला तो आजारी म्हातारा तिथेच थांबला. त्या पोरांना एखाद्या रविवारी एसटीने तिकडेही न्यावं. मी कॅमेरा घेऊन बरोबर येईन.